बाहेरच्या हवेचा वाटा

सन २०३९. नागपुरात त्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच पारा सेहेचाळीसवर गेला. वर्धा रोडवरच्या नीलकांती टॉवरने बाहेरची हवा आत घेणं आदल्या वर्षीच जवळजवळ बंद केलं होतं. त्याबद्दल इमारतीला ऊर्जा-बचतीचा मोठा पुरस्कारही मिळाला होता. तळमजल्यावर भिंतभर पडदा लावलेला होता आणि त्यावर हिरव्या अक्षरांत 'आजची हवा : उत्तम' असं झळकत असे. कुठल्याही दिवशी, कुठल्याही तासाला उत्तमच. अठरा वर्षं इमारतींमधली हवा मोजत आलेल्या वैदेही देवतळेला एवढ्यावरूनच संशय यायला हवा होता. तो आला नाही, कारण ते यंत्र तिच्या नवऱ्याने शोधलं होतं.

शोध खरा होता, हे आधी सांगायला हवं. बंद इमारतीत शेकडो माणसं दिवसभर श्वास सोडतात. गालिचे, रंग, टेबलांचं प्लायवुड, कपडे, सगळ्यांतून कसल्या ना कसल्या वाफा सुटत राहतात. ही वापरलेली हवा बाहेर घालवून ताजी आत घ्यावी लागते, माणशी सेकंदाला साधारण दहा लिटर. नागपूरच्या उन्हाळ्यात ती ताजी हवा भट्टीसारखी येते. ती चोवीस अंशांवर आणायची, थोडा वेळ वापरायची आणि बाहेर फेकून पुन्हा तापलेली आत ओढायची, असा हा उद्योग. गारव्यासाठी लागणाऱ्या विजेतला तिसरा हिस्सा यातच जाई. डॉ. श्रीरंग देवतळेने साधा प्रश्न विचारला होता: थंड केलेली हवा फेकायचीच कशाला? ती धुऊन पुन्हा का वापरू नये?

त्याने कपाटाएवढी पेटी बनवली. पेटीच्या पहिल्या कप्प्यात एका रसायनाचे दाणे होते. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवत आणि भरले की त्यांना जरा ऊब देऊन तो वायू इमारतीबाहेर सोडून देता येई. दुसऱ्या कप्प्यात टायटेनियमचा लेप दिलेली जाळी होती. तिच्यावर अतिनील प्रकाश पडला की हवेतल्या वाफा जाळीवर ज्वाळेशिवाय जळून जात. या पेट्या छतात बसवल्या की बाहेरच्या हवेचा वाटा शंभरावरून तीस टक्क्यांवर आणता येतो, असं त्याने दाखवून दिलं. श्रीरंग तिला गाळणी म्हणायचा. हक्क विकत घेणाऱ्या कंपनीने तिचं 'प्राणामृत' असं बारसं केलं. वर्षभरात श्रीरंगही प्राणामृत म्हणू लागला आणि म्हणताना त्याला लाज वाटेनाशी झाली.

वैदेही परवानाधारक हवा-परीक्षक होती. मोठ्या व्यापारी इमारतींना दरवर्षी हवेचा दाखला घ्यावा लागे आणि नीलकांतीच्या दाखल्यावर तिची सही होती. श्रीरंगने हक्क आधीच विकून टाकलेले असल्याने कायद्याच्या दृष्टीने त्यात काही गैर नव्हतं. कायद्याची दृष्टी तेवढीच.

नीलकांती टॉवर एका विमा-सेवा कंपनीचा होता. देशभरच्या इस्पितळांतून येणारे विम्याचे दावे तिथे तपासले जात. त्यातलं सर्वांत किचकट काम बाराव्या मजल्यावर चाले. एकशे तीस माणसांसाठी बांधलेल्या त्या मजल्यावर दोनशे चाळीस जण बसत, बहुतेक बायका. मागच्या वर्षी तपासणीच्या वेळी त्यांच्यातल्या काहींनी तक्रार केली होती की दुपारनंतर डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात, आकडे एकमेकांत मिसळतात. वैदेहीने मजल्यावर मापक ठेवला. कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सहाशे वीस दिसला, म्हणजे बागेत बसल्यासारखी हवा. मग तिने अहवालात एक ओळ लिहिली: 'तक्रारी मानसिक स्वरूपाच्या वाटतात.' त्या ओळीचं तिला तेव्हा काहीच वाटलं नाही. जेवणानंतर सुस्तावणाऱ्या आणि त्याचं खापर यंत्रावर फोडणाऱ्या माणसांबद्दल तिच्या मनात जी तुच्छता होती, ती त्या ओळीत मावली होती.

एप्रिलच्या शेवटी बाराव्या मजल्यावरच्या अकरा बायकांना एकाच दिवशी काढून टाकलं. कारण दिलं होतं, कामात वारंवार चुका. त्यांच्यात पुष्पलता मेश्राम होती. एकोणीस वर्षांची नोकरी, गटप्रमुख, पन्नाशीला आलेली. दोन दिवसांनी ती बजाजनगरात वैदेहीच्या कार्यालयाचा पत्ता शोधत आली. बाहेर रस्ता वितळत होता आणि ती दोन किलोमीटर चालत आली होती. तिने पाणी घेतलं, खुर्ची घेतली आणि विनवणीचा एक शब्दही न काढता बोलायला लागली.

तिने सांगितलं की चुका झाल्या, हे खोटं नाही. तिच्या स्वतःच्या हातूनही झाल्या. एका माणसाच्या मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेचा दावा तिने नाकारला होता, कारण तारीख उलटी वाचली. पण सकाळी कुणाचीच चूक होत नाही. चुका तीननंतर होतात. आठवडाभर सुट्टी घेऊन आलेली बाई दोन दिवस नीट काम करते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे तिने वरिष्ठांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटातून वैदेहीचा अहवाल काढला आणि ती ओळ वाचून दाखवली. वरिष्ठ हसलेही. मानसिक स्वरूपाच्या.

"मॅडम, तुम्ही आमच्या मजल्यावर किती वेळ बसल्या होत्या?" पुष्पलताने विचारलं.

वैदेहीने खरं ते सांगितलं. "वीस मिनिटं."

"आम्ही नऊ तास बसत होतो."

उठताना तिने वैदेहीकडे ज्या नजरेने पाहिलं ती वैदेहीच्या ओळखीची होती. निकृष्ट काम करून सबबी सांगणाऱ्या कंत्राटदारांकडे ती स्वतः तसंच बघत असे. आपल्याकडे कुणी तसं पाहिलं की कसं वाटतं, ते तिला त्या दुपारी कळलं.

परीक्षकाला पूर्वसूचना न देता तपासणी करायचा अधिकार असतो. पुढच्या सोमवारी सकाळी नऊला वैदेही बाराव्या मजल्यावर गेली आणि एका रिकाम्या टेबलाशी बसली. टेबलं रिकामी होतीच, अकरा. तिने बरोबर हवेचे नमुने घेणारा छोटा पंप आणला होता. तो काचेच्या बारीक नळ्यांतून हवा ओढतो आणि नळ्यांत अडकलेल्या द्रव्याचं विश्लेषण नंतर प्रयोगशाळेत होतं. शिवाय जुन्या परीक्षकांकडे असायचा तसा आकड्यांचा एक तक्ता आणला होता. साठ ओळी, प्रत्येकीची बेरीज करायची आणि चुका मोजायच्या. तिने सकाळीच तक्ता सोडवला. साठांत एक चूक.

तासाभरात मुख्याधिकारी अभिजात भुसारी स्वतः खाली आले. चाळिशीचे, गोरे, आवाजात कायम भाषणाचा सूर असलेले गृहस्थ. प्रत्येक वाक्यात ते 'आपला परिवार' म्हणत आणि तो परिवार बोलू लागला की घड्याळ पाहत. त्यांनी वैदेहीला आपुलकीने सांगितलं की बाराव्या मजल्याची समस्या हवेची नसून वृत्तीची आहे. या वर्गाला थंड हवा दिली की झोप येते, त्याला कंपनी काय करणार? आम्ही सगळे एकच हवा घेतो, असंही ते म्हणाले. मग अभिमानाने एक खास सोय दाखवली. लोकांना हवा शिळी वाटते म्हणून त्यांनी मागच्या वर्षीच्या जानेवारीपासून हवेच्या नळीत संत्र्याच्या सालीचं तेल सोडायला सुरुवात केली होती. नागपूरचा वास, ते म्हणाले. वैदेही आत आल्यापासून तिला तो वास येतच होता. आवडलाही होता.

दुपारी दोनच्या सुमाराला तिचे डोळे चुरचुरायला लागले. तीनला कपाळाच्या मधोमध कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं वाटू लागलं. आजूबाजूला बायका मान खाली घालून काम करत होत्या. कुणी डोळ्यांवर ओला रुमाल दाबत होतं, कुणी तोच कागद तिसऱ्यांदा वाचत होतं. कुणी तक्रार करत नव्हतं, कारण तक्रार करणाऱ्यांच्या जागा रिकाम्या होत्या. चारला वैदेहीने दुसरा तक्ता सोडवला. साठांत नऊ चुका. सतरा आणि आठ सव्वीस, असं तिने शाईच्या पेनाने, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं.

मापकावर कार्बन डायऑक्साइड अजूनही सहाशे दहा होता.

घोळ कुठे आहे, हे त्या चुकलेल्या बेरजेकडे बघतानाच तिला उमगलं. बंद खोलीत किती दाटी झाली ते कळावं म्हणून पूर्वीपासून कार्बन डायऑक्साइड मोजतात. तो स्वतः फारसा वाईट असतो म्हणून नव्हे. माणसांच्या अंगातून, वस्तूंतून जे काही हवेत साठतं त्याच्या बरोबरीने तो वाढतो, म्हणून. घरात किती पाहुणे आलेत ते दारातल्या चपला मोजून ओळखावं, तसं ते होतं. श्रीरंगच्या पेटीचा पहिला कप्पा चपला उचलून आत ठेवत होता. पाहुणे घरातच होते. आणि इमारतीचा संगणक दारात चपला नाहीत म्हणून आणखी खिडक्या लावून घेत होता.

ती जिन्याने गच्चीवर गेली. सव्वापाचलाही गच्चीवर पाय ठेववत नव्हता. बाहेरची हवा आत घेणाऱ्या मोठ्या झडपा उत्तरेच्या बाजूला होत्या. कागदोपत्री त्या दहा टक्के उघड्या होत्या. दहा म्हणजे श्रीरंगने सांगितलेल्या तिसाच्याही खाली. प्रत्यक्षात त्या पूर्ण बंद होत्या. पात्यांवर बोटभर धूळ होती आणि त्या वाऱ्याने हलू नयेत म्हणून कुणी तरी त्यांना लोखंडी तार गुंडाळली होती. पुरस्कारासाठी शेवटचे दोन-तीन टक्के कमी पडत असतील. तिने फोटो घेतले. परत फिरताना तिला दक्षिणेच्या कोपऱ्यात एक वेगळी, लहान झडप दिसली. ती सताड उघडी होती आणि बाहेरची तापलेली हवा भसाभस आत ओढत होती. तिची नळी कुठे जाते, हे शोधायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. एकोणिसाव्या मजल्यावर. भुसारींच्या आणि संचालकांच्या दालनात. त्या मजल्यावर प्राणामृतची एकही पेटी बसवलेली नव्हती. तिथे पंचवीस वर्षांपूर्वीची पद्धत चालू होती, शंभर टक्के बाहेरची हवा, कितीही वीज लागली तरी.

गच्चीवर त्या उन्हात उभी राहून वैदेही मोठ्याने हसली. तिला राग आला नव्हता. राग यायला समोरचा माणूस निदान आपल्या उंचीचा वाटावा लागतो.

नमुने तिने दोन वेगळ्या प्रयोगशाळांना पाठवले. दोन्हींचं उत्तर सारखं आलं. हवेत फॉर्माल्डिहाइड होतं, वैद्यकीय महाविद्यालयात प्रेतं टिकवायला ज्याचं पाणी वापरतात तोच वायू. सकाळी मर्यादेच्या दीडपट, दुपारी चारला चौपट. प्लायवुडमधून थोडंफार सुटतंच, पण एवढं नाही. एवढं जाळीवर तयार होत होतं. वाफा मोजक्या असल्या तर जाळी त्या पुरत्या जाळते. पण तिच्यावर संत्र्याच्या तेलाचा मारा केला की तिचं काम अर्धवट राहतं आणि त्या सुवासाचं अर्ध्या वाटेवर फॉर्माल्डिहाइड होतं. ताजेपणाचा वास देण्याच्या हौसेपायी भुसारींनी आपल्या परिवाराला हे पाजलं होतं. त्यात दुप्पट माणसांची दाटी आणि बंद झडपा.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तिने दोन्ही अहवाल श्रीरंगपुढे ठेवले. बावीस वर्षांचा संसार होता. तिला त्याची बुद्धी आवडली होती आणि तो कुणाशीही भांडत नाही हेही आवडलं होतं. त्याचा शांतपणा हे एक प्रकारचं मोठेपण आहे, असं ती लोकांना सांगत आली होती.

त्याने अहवाल वाचले. तो दचकला नाही, आणि तिथेच तिला कळलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

श्रीरंगने चष्मा काढून पुसला. मग त्याने नेहमीच्या समजुतीच्या आवाजात सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत त्याने लिंबाच्या सालीचं तेल घालून एक चाचणी घेतली होती आणि तेव्हा हेच दिसलं होतं. निबंधाच्या मसुद्यात त्याने त्यावर एक परिच्छेद लिहिला होता. हक्क घेणाऱ्या कंपनीने सुचवलं की हा अपवादात्मक प्रकार आहे, वाचकांचा गोंधळ होईल. त्याने परिच्छेदाची तळटीप केली. मग त्यांनी सुचवलं की तळटीपही नको. तिसाचे दहा झाले तेव्हा त्याने त्या कंपनीला एक पत्र लिहिलं होतं. त्याला उत्तर आलं नाही म्हणून त्याने दुसरं लिहिलं नाही. दहाचं शून्य झालंय हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं, असं तो म्हणाला, आणि ते खरं असावं. ज्याला काही ठाऊक करून घ्यायचं नसतं तो अशा बाबतीत सहसा खरंच बोलतो.

मग तो इतर गोष्टी सांगू लागला. देशात चारशे इमारतींमध्ये ही यंत्रं लागली होती. त्यांनी वाचवलेल्या विजेमुळे कोराडीसारखं एक नवं औष्णिक केंद्र उभारायची गरज टळली होती. तो कोळसा जळला असता तर त्याच्या धुराने किती माणसं आजारी पडली असती याचा हिशोब कुणी करत नाही. जूनमध्ये सरकारी इमारतींसाठी यंत्राची निवड व्हायची होती. दोन महिने थांबलीस तर आतल्या आत झडपा उघडून घेता येतील, तेल बंद करता येईल, कुणाचं नाव खराब होणार नाही.

"त्या अकरा जणींचं झालंच आहे," वैदेही म्हणाली.

श्रीरंगने दोन्ही अहवालांच्या कडा जुळवून ठेवल्या. मग म्हणाला, "तुझीही सही आहे त्या दाखल्यावर, वैदेही. ती ओळ तुझी आहे. मी तुला वाचवायला बघतोय."

आवाज चढला नव्हता. त्याने कधीच चढवला नव्हता. वैदेहीला इतक्या वर्षांत प्रथमच वाटलं की या माणसात चढण्यासारखा आवाजच नाही. त्याच्या शांतपणाच्या आत काय आहे म्हणून तिने पाहिलं, तर आत काहीच नव्हतं. तिला वाईट वाटलं ते याचं की आपण याला घाबरलो नाही, याचा द्वेषही केला नाही. आपल्याला याची नुसती किळस आली, जेवणाच्या ताटात केस निघावा तशी.

ती म्हणाली की वीज वाचते हे खरंच आहे आणि यंत्रही चांगलं आहे. त्यासाठी झडपा तारेने बांधाव्या लागत नाहीत. मग तिने अहवाल पिशवीत घातले आणि दुसऱ्या दिवशी नियामकांकडे नोंदवले. आठवड्याने ती धरमपेठेत दोन खोल्या घेऊन राहायला गेली. श्रीरंगने तिची पुस्तकं व्यवस्थित खोक्यांत भरून पाठवली. प्रत्येक खोक्यावर यादी चिकटवली होती.

सुनावणी जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली, तीन सदस्यांच्या समितीपुढे. विमा-सेवा कंपनीने दिल्लीहून वकील आणला होता. त्याने फॉर्माल्डिहाइडला हातच लावला नाही. त्याने फक्त वैदेहीचा मागच्या वर्षीचा अहवाल उघडला आणि ती ओळ तीनदा वाचली. एकच परीक्षक, एकच मजला, एकच यंत्र. मागच्या वर्षी तक्रारी मानसिक होत्या, यंदा विषारी झाल्या. या दोन तारखांच्या मध्ये बाईंचं पतीशी बिनसलं, एवढाच काय तो फरक दिसतो, असं तो म्हणाला. सभागृहात थोडं हसू पसरलं. मागच्या रांगेत पुष्पलता मेश्राम आणि आणखी सहा-सात जणी बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

वैदेही उठली. तिने सांगितलं की मागच्या वर्षीची ओळ खोटी होती. चुकून झालेली नव्हती, तर बेपर्वाईने लिहिलेली होती. तिने वीस मिनिटांत दोनशे चाळीस माणसांबद्दल मत बनवलं, कारण त्या माणसांबद्दल तिचं मत आधीच बनलेलं होतं. तिने आपला परवाना टेबलावर ठेवला आणि समितीने त्याचं काय करायचं ते करावं, पण नळ्या खोटं बोलत नाहीत, असं म्हणाली. मग गच्चीवरचे फोटो मांडले. आधी तारेचा, मग दक्षिणेच्या झडपेचा.

समितीच्या अध्यक्षा रमाबाई कोहळे निवृत्त अभियंत्या होत्या. कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत. त्यांनी दुसरा फोटो जवळ घेऊन पाहिला आणि भुसारींना विचारलं की एकोणिसाव्या मजल्यावर प्राणामृत का नाही. भुसारींनी सांगितलं की तो तांत्रिक निर्णय होता. कोहळेबाईंनी पुन्हा विचारलं. वकिलाने भुसारींच्या बाहीला हात लावला, पण भुसारींना भाषणाची सवय होती आणि समोर सभागृह भरलेलं होतं.

"कसंय मॅडम," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "त्या मजल्यावर महत्त्वाचे निर्णय घेतले जातात. तिथे डोकं ताजं असावं लागतं."

वकिलाने पेनाचं टोपण लावलं. आपण काय बोललो हे भुसारींना बहुधा त्यानंतरही कळलं नसावं, कारण ते सभ्यपणे हसत उभेच होते. कोहळेबाईंनी लेखनिकाला ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्यायला सांगितलं आणि या एका वेळी त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

निकाल महिनाभराने लागला. बाहेरच्या हवेचा वाटा कुठल्याही इमारतीत तीस टक्क्यांच्या खाली जाणार नाही. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवर दाखला मिळणार नाही, इतर वाफाही मोजाव्या लागतील. यंत्र लावलेल्या इमारतीत सुवास सोडायला बंदी. यंत्रावर बंदी आली नाही, आणि येऊही नये असंच वैदेहीने लेखी सांगितलं होतं. विजेची बचत तेहेतीस टक्क्यांवरून चोवीसवर आली. चोवीसही थोडी नव्हे, पण चोवीस टक्क्यांना पुरस्कार मिळत नाही. भुसारींना कंपनीने हैदराबादच्या मोठ्या कार्यालयाचं प्रमुख केलं. वैदेहीचा परवाना खोट्या अहवालासाठी तीन वर्षांकरता रद्द झाला. तिने अपील केलं नाही. काढलेल्या बायकांना कंपनीने परत घ्यायची तयारी दाखवली, पण नव्याने लागलेल्या समजून. आठ जणी गेल्या, कारण त्यांना जाणं भाग होतं. पुष्पलता गेली नाही. तिने कामगार न्यायालयात दावा लावला आणि दरम्यान सीताबर्डीवर एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नोंदणीचं काम धरलं. त्या दवाखान्याला दोन मोठ्या खिडक्या होत्या आणि दुपारी पंख्याची गरम हवा खात तिचे आकडे बरोबर येत होते.

वैदेही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वातानुकूलनाचे वर्ग घेऊ लागली. तिने पुष्पलताकडे जाऊन एकदा माफी मागितली होती. पुष्पलताने चहा दिला आणि माफीचं काय करायचं ते अजून ठरवलं नाही, असं सांगितलं. दाव्याच्या कागदांत हवेविषयी काही अडलं की मात्र ती फोन करी. दोघींत मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. कामापुरतं खरं बोलण्याची सवय झाली.

दीड वर्षाने वैदेहीला एक जाड पाकीट आलं. आत श्रीरंगचा नवा निबंध होता, छापायला जाण्यापूर्वीची प्रत. विषय होता, धुतलेल्या हवेतले धोके. त्याने आपल्याच यंत्राचे दोष फार सुंदर मांडले होते. आता या विषयातला तोच अधिकारी माणूस होता. त्याला व्हिएन्नाच्या परिषदेत बीजभाषणाला बोलावलं होतं आणि एका मोठ्या सन्मानासाठी त्याचं नाव पुढे होतं. सोबत चिठ्ठी होती: 'हे तुझ्यामुळे झालं. एकदा नजर घालशील?' आपण दडपलेल्या गोष्टीचा शोध लावल्याबद्दल माणसाचा सत्कार होऊ शकतो, हे वैदेहीला नवीन होतं. श्रीरंगला त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नव्हतं.

तिने नजर घातली. सगळं बरोबर होतं, आकडे, आलेख, जाळीवरची रासायनिक क्रिया. सहाव्या पानावर बाराव्या मजल्याचा तक्ता होता. कोणाच्या कामात दुपारनंतर किती चुका वाढल्या, ते त्यात दाखवलं होतं. डाव्या रकान्यात लिहिलं होतं: व्यक्ती क्रमांक एक, व्यक्ती क्रमांक दोन, अशा अकरा.

वैदेहीने पुष्पलताला फोन लावला. तक्त्याबद्दल सांगितलं आणि नावं छापलेली तुम्हा सगळ्यांना चालतील का, असं विचारलं. पुष्पलताने बाकीच्यांना विचारायला दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला. चालतील, म्हणाली, चुका आमच्या नव्हत्या हे कुठे तरी नावानिशी छापून आलं पाहिजे. मग तिने एकेक नाव सावकाश सांगितलं, आडनावासकट, आणि वैदेही लाल शाईने क्रमांक खोडून त्यांच्या जागी ती लिहीत गेली. पुष्पलता मेश्राम. चंद्रप्रभा नगराळे. शबनम शेख. इंदू गजभिये. निर्मला पौनीकर. शबनममधला श कोणता लिहिला, हेही पुष्पलताने विचारून खात्री करून घेतली.

अकरा झाल्यावर तिने विचारलं, "यात तुमचं नाव कुठे आहे, मॅडम?"

वैदेहीने शेवटचं पान उलटलं. "आभारात. 'माझी सहचारिणी, जिच्या धैर्याशिवाय...' असं लिहिलंय."



"ते खोडा," पुष्पलता म्हणाली.

वैदेहीने ती ओळ सुरुवातीपासून शेवटच्या टिंबापर्यंत खोडली, अक्षर न अक्षर, आणि प्रत पाकिटात घालून परत पाठवली.